लाल स्टिकरचं खोकं

कोणी छातीवर हात ठेवून सांगितलं तरी हे कोणाला खरं वाटणार नाही, पण त्या घराचं आठवं स्थलांतर एकाही माणसाने आवाज न चढवता पार पडलं. चौसष्ट खोकी, अकरा मोठे लाकडी नग, एक शिलाई मशीन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, एवढा सगळा ऐवज तिसऱ्या मजल्यावरून उतरला, दोन चौक ओलांडून नव्या घरात गेला, आणि कुठे कपाची कड उडाली नाही. मोठ्या कपाटाने दारातून निघताना चक्क पोट आत घेतलं. आरसा तर त्या दिवशी इतका खुशीत होता, की त्यात डोकावणारा पाच वर्षांनी तरुण दिसत होता. ज्या घरात चमचा हातातून पडला तरी दोन दिवस अबोला चाले, त्याच घराची ही गोष्ट. फक्त एका बाईच्या पोटात पहाटेपासून दुखत होतं, आणि ते दुखणं खोक्यात भरून वर टेप मारता येण्यासारखं नव्हतं.

ती बाई म्हणजे थोरली सून.

आधीची सातही बिऱ्हाडं तिनेच हलवली होती. शिवणकाम करणारी बाई. तिला खोकी, याद्या असलं काही लागत नसे. चादरी पसरायच्या, सामान ठेवायचं, चारी टोकं उचलून गाठ मारायची. भांड्यांना कपड्यांची ऊब आणि कपड्यांना भांड्यांचा आकार. कोणत्या गाठोड्यात काय आहे ते तिच्या डोक्यात. चौथ्या वेळी धाकट्या दिराला गोवर आला होता, तर त्यालाही एका गाठोड्यात घालून खाली आणलं, ही गोष्ट घरात अजून सांगितली जायची. दर वेळी सांगताना जिन्याच्या चार पायऱ्या वाढत. सांगणारी अर्थात थोरलीच.

या वेळी मात्र सगळं धाकटीने हातात घेतलं. धाकटी म्हणजे त्याच गोवरवाल्या दिराची बायको. इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत सिस्टर. आत गेलेली प्रत्येक कात्री आणि कापसाचा प्रत्येक बोळा बाहेर आला की नाही हे मोजण्यात तिचं आयुष्य चाललं होतं. तिने सहा आठवडे आधी सुरुवात केली. रोज एक खण, जास्त नाही. जे कमी लागतं ते आधी बांधायचं. पुस्तकं लहान खोक्यात, उशा मोठ्या खोक्यात. टीव्हीच्या मागच्या वायरी काढण्याआधी त्यांचा फोटो. प्रत्येक खोलीला एक रंग: स्वयंपाकघर पांढरा, थोरलीची खोली निळा, धाकटीची हिरवा, आईंची, म्हणजे म्हाताऱ्या सासूची, पिवळा, आणि माळ्यावर जायचं ते तपकिरी. लाल स्टिकर एकाच खोक्याला. त्यात पहिल्या दिवशी लागणारं सगळं: किटली, चहा, साखर, साबण, टॉवेल, बल्ब, स्क्रूड्रायव्हर. ते सगळ्यांत शेवटी चढणार आणि सगळ्यांत आधी उघडणार.

वर आणखी एक नियम. सामान हलवायच्या दिवशी भांडायचं नाही. ज्याला तक्रार असेल त्याने ती कागदावर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची; डबा तिसऱ्या दिवशी उघडायचा.

सकाळी नऊपर्यंत डब्यात अकरा चिठ्ठ्या पडल्या होत्या. सही एकीवरही नव्हती, पण अकराही शिवणाच्या खडूने लिहिलेल्या होत्या.

"मॅडम," हमालांचा मुकादम जिन्यात थांबून धाकटीला म्हणाला, "वीस वर्षं हे काम करतोय. असं बांधलेलं घर पाहिलं नाही. माझी पोरं सकाळपासून शिट्ट्या मारतायत."

थोरली तिथेच उभी होती. तिने मशीनवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती.

"आणि आमची गाठोडी?" ती हसत म्हणाली. "मागच्या वेळी तुमच्याच पोरांनी उचलली होती. तेव्हा काय मारत होती, बोंबा?"

"वहिनी, तुमची गाठोडी म्हणजे..." मुकादमाने शब्द शोधला. "जिवंत असायची. उचललं की आत काहीतरी हलायचं."

थोरले खो खो हसले. थोरले म्हणजे थोरलीचे यजमान. चष्म्याच्या दुकानात गावभराचे डोळे तपासायचे आणि घरात काय चाललंय ते त्यांना कधी दिसायचं नाही. बायकोकडे बघून ते हसायचे थांबले असते, पण बघितलं तर ना.

बाराव्या चिठ्ठीसाठी थोरलीने खडू काढला आणि परत खिशात ठेवला. कारण तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या कागदावर गेली. नव्या घराचा नकाशा. काल संध्याकाळपर्यंत त्यावर आईंच्या पलंगाची जागा कोरी होती, आणि आज तिथे पिवळ्या पेन्सिलीने चौकोन काढलेला होता. हिरव्या खोलीला खेटून. निळी खोली बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला.

एकतीस वर्षं म्हातारीची हाक थोरलीच्या उशापर्यंत पोहोचत आली होती. मधे एक पातळ भिंत. खोकला आला की कोणता खोकला, पाणी हवंय की नुसती सोबत, हे तिला झोपेतही कळायचं. सात घरं बदलली, ती भिंत बदलली नव्हती.

"हे कोणी काढलं?" तिने विचारलं.

"मीच, ताई," धाकटी हातातली यादी न सोडता म्हणाली. "पेन्सिलनेच आहे. ती बाथरूमजवळची खोली, म्हणून म्हटलं. आणि तुमचे गुडघे. रात्रीबेरात्री उठायचं म्हणजे..."

"माझे गुडघे तुला काही म्हणाले का?"

"नाही, पण जिना उतरताना तुम्ही..."

"मग त्यांना जेव्हा बोलायचं असेल तेव्हा ते बोलतील. त्यांना तोंड आहे, माझ्यासारखंच."

धाकटीचा नवरा मधे आला. तो गाडी शिकवायचा. समोर धोका दिसला की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा, जणू तिथे ब्रेक आहे. आत्ता त्याने तो घोट्यापर्यंत दाबला.

"वहिनी, आईलाच विचारू ना. तिचा पलंग, तिला हवा तिथे."

सगळे म्हातारीकडे वळले. ती तिच्या खुर्चीत, मोकळ्या खोलीच्या मधोमध. खुर्ची शेवटी उचलायची, हेही यादीत होतं. म्हातारीने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. आख्ख्या गावाचं बोलणं तिने ऐकलं होतं, आणि आता ऐकू कमी येतं असं ती सांगायची. कोणाला, कधी, किती कमी, ते तिच्या मर्जीवर.

"आई, पलंग कुठे लावायचा?" धाकट्याने तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"दोन्हीकडून एकदम लाइन लागली की कोणाचंच नीट ऐकू येत नाही," म्हातारी म्हणाली. "तिथे गेल्यावर सांगते. तोवर पलंग उभा राहू दे. आणि माझी दुपारची गोळी?"

"घेतलीय, आई," धाकटी म्हणाली. "माझ्याकडे आहे."

थोरलीने ओठ आवळले. ती गोळी रोज दुपारी एक वाजता म्हातारीच्या तळहातावर ठेवायचं काम कोणाचं होतं ते भिंतींनाही माहीत होतं. पण गोळी कशात ठेवलीय, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. मानी बाई ती. तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली.

तिथे ओट्याखाली, एकटंच, लाल स्टिकरचं खोकं होतं.

बाजूला उरलेल्या स्टिकरांचा कागद. त्यावर तपकिरी तीन.

थोरली काही वाईट बाई नव्हती. तिने फक्त एवढाच विचार केला: नव्या घरी सगळे दमून बसतील, चहा चहा करतील, लाल खोकं सापडणार नाही, मग आपण मशीनच्या पायडलखाली लपवलेलं आपलं गाठोडं सोडू. त्यात किटली, पातेलं, चहा, सात कप. सगळे म्हणतील, तुझं तेच बरं होतं. आई म्हणतील. मग आई पलंगाचंही म्हणतील.

तिने नखाने लाल स्टिकर सोलला. त्याच्यासोबत खोक्याची कातडीही निघाली. तपकिरी चिकटवला, तो पडला. पुन्हा चिकटवला, अंगठ्याने दाबला, थुंकी लावली, पुन्हा पडला. बाहेरून मुकादमाचे पाय वाजत आले. आणि मग हातांनी डोक्याला न विचारता तेच केलं, जे ते चाळीस वर्षं करत आले होते. गळ्यापाशी टोचलेली ओवलेली सुई निघाली, हात घालायच्या भोकातून दोन बोटं आत गेली, आणि टप टप टप, तपकिरी स्टिकर खोक्याला शिवला गेला. दाताने दोरा तोडला. लाल स्टिकर खिशात.

"हे पण माळ्याचं?" मुकादमाने विचारलं.

"वाचता येतं ना रंग?" थोरली म्हणाली.

नव्या घरी खोकी आपापल्या खोलीत अशी गेली, जशी गाभण गाय आपल्या गोठ्यात शिरते. दारात मोजायला थोरल्यांना बसवलं होतं. त्यांनी रंग वगैरे बघितले नाहीत, आकडा बघितला. "चौसष्ट!" त्यांनी जाहीर केलं, जणू शतक ठोकलं. हमालांनी पलंग बोळात भिंतीला टेकून उभा केला, निळ्या आणि हिरव्या दारांच्या बरोबर मधे. मुकादम हात जोडून निघून गेला.

"आता चहा," थोरले म्हणाले.

"लाल खोकं आणते," धाकटी म्हणाली, आणि गेली. आली. पुन्हा गेली. हिरव्या खोलीत, पांढऱ्या खोक्यांमागे, बाथरूममध्ये.

थोरली खिडकीशी उभी राहून रस्ता बघत होती. रस्त्यावर काहीही नव्हतं. इतकं काहीही नसलेला रस्ता तिने इतक्या आनंदाने कधी पाहिला नव्हता.

"सापडत नाही वाटतं?" तिने मायेने विचारलं.

"चौसष्ट आली म्हणजे ते इथेच आहे, ताई. ऑपरेशनमध्ये एक बोळा कमी पडला तरी आम्ही हेच करतो. घाबरायचं नाही, पुन्हा मोजायचं."

तिचं ते न घाबरणं थोरलीला सर्वांत जास्त लागलं. पण तिने गाठोडं पुढे ओढलं, गाठ सोडली, आणि किटली अशी वर काढली जशी विजेती माणसं चषक काढतात.

"वा वहिनी!" धाकटा टाळ्या पिटत म्हणाला.

"मी म्हटलंच होतं," थोरले म्हणाले. ते काहीच म्हणाले नव्हते.

"नशीब तुम्ही बरोबर घेतलंत, ताई," धाकटी म्हणाली, तेही मनापासून. मनापासून म्हटल्यामुळे त्यातली निम्मी चव गेली. थोरलीने प्रत्येकाला कप दिला. कप फुटला नव्हता, चहा फक्कड झाला होता, आणि म्हातारीने एक घोट घेऊन म्हटलं, "साखर?"

साखर गाठोड्यात नव्हती. साखर, सकाळी ठरल्याप्रमाणे, लाल खोक्यात होती.

"बिनसाखरेचाच बरा तुम्हाला," थोरली म्हणाली.

"तो मला बरा. चहाला नाही." म्हातारीने कप खाली ठेवला. "किती वाजले?"

"पावणे एक," थोरले म्हणाले.

आणि धाकटीचा हात तोंडावर गेला. त्या घरात कोणी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं; ते त्या दिवशी पाहिलं. "आईंची गोळी," ती हळूच म्हणाली. "गोळ्यांची डबी लाल खोक्यात आहे. मीच ठेवली. म्हटलं, सगळ्यांत आधी उघडणार आहोत तर... अहो, औषधाच्या दुकानात जाता का? पण डॉक्टरांची चिठ्ठीही त्याच डबीत..."

धाकट्याचा पाय ब्रेकवर गेला.

 कप तसाच ठेवून थोरली उठली.

"मी माळ्यावर बघते."

"माळ्यावर? ताई, माळ्यावर फक्त तपकिरी..."

"हमाल काय, कुठेही टाकतात."

"वहिनी, शिडी आहे! मी चढतो," धाकटा म्हणाला.

"तुम्हाला कुठलं खोकं ते कळणार नाही."

हे एक वाक्य तिने बोलायला नको होतं, पण तेव्हा कोणी ते पकडलं नाही. ती शिडीवर होती. ज्या गुडघ्यांबद्दल सकाळी एवढी चर्चा झाली, ते गुडघे नऊ पायऱ्या चढले. खरं तर बारा चढले असं पुढे घरात सांगितलं जातं. शिडीला नऊच आहेत. पाचव्या पायरीवर डावा गुडघा बोलला. सातव्या पायरीवर दोन्ही बोलले, एकमेकांवर. तिने दोघांनाही उत्तर दिलं नाही. वर दहा तपकिरी खोकी अंधारात बसली होती. तिने बघितलंही नाही, हात फिरवला. टाके हाताला लागले.

एक वाजायला तीन मिनिटं असताना गोळी म्हातारीच्या तळहातावर होती. ती थोरलीच्या हातातून गेली, रोजच्यासारखी.

म्हातारीने गोळी गिळली, पाणी प्यायली, आणि सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसांत जळमटं, हाताला खरचटलेलं, एक पाय उचलून उभी.

"पलंग निळ्या बाजूला लावा," ती म्हणाली.

"आई?" धाकटी म्हणाली.

"जी शिडी चढते ती रात्री चार पावलंही चालेल. उचला रे."

दोघा भावांनी पलंगाला हात घातला. थोरलीला वाटलं की या घराच्या भिंतींना फार सुंदर रंग आहे. तिने धाकटीकडे पाहिलं, आणि तिला तिथे एक ओळखीची गोष्ट दिसली. ओठ आवळलेले. मान जरा वर. सहा आठवडे रोज एक खण, सासूच्या औषधांची वेळ, बाथरूमपासूनची पावलं मोजलेली, आणि शेवटी एका शिडीने सगळं नेलं.  धाकटी बिस्किटांच्या डब्याशी गेली, कागदाच्या तुकड्यावर दोन ओळी लिहिल्या, डब्यात टाकल्या. बारावी चिठ्ठी. पेनाने लिहिलेली पहिलीच.

सकाळपासून थोरलीच्या पोटात होतं ते बिऱ्हाड बदलून दुसरीकडे राहायला गेलं होतं. थोरलीला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही.

पण धाकटीचा धंदाच मोजण्याचा. ती खोक्यापाशी वाकली.

"ताई, याला तपकिरी स्टिकर कसा?"

पलंग बोळात मधेच थांबला.

"तेच सांगणार होते," थोरली म्हणाली. गोष्ट सांगायची म्हटली की ती गुडघेही विसरायची. "अगं, काय झालं माहितीय? जुन्या घरी, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. मुकादमाच्या खांद्यावर हे खोकं. मी मागे. तेवढ्यात जिन्याच्या खिडकीतून असा वारा आला, असा वारा आला, की मुकादमाची टोपी उडाली..."

"तो टोपी घालतो?" धाकट्याने विचारलं.

"उडाली म्हणून तुम्हाला दिसली नाही. टोपीबरोबर हा लाल स्टिकर सुटला. गिरक्या घेत खाली. आणि खाली कोण? ते दुसऱ्या मजल्यावरचं बोका-मांजर. लठ्ठ. त्याने उडी मारून स्टिकर पंजात धरला! मी म्हटलं, दे रे बाबा. तो कुठला देतो! लाल रंग, त्याला वाटलं काहीतरी खायचं. मग मुकादम म्हणाला, वहिनी, बिन रंगाचं खोकं मी नेणार नाही, मॅडम रागावतील. म्हणजे बघ, तुझा केवढा धाक. मग मी हाताला आला तो तपकिरी लावला. घाईघाईत. सांगायचं राहून गेलं."

"तरीच!" थोरले म्हणाले. "तरीच मला त्या बोक्याच्या तोंडाला काहीतरी लाल दिसलं होतं."

धाकट्याचा पाय ब्रेकवरून निघाला. धाकटीसुद्धा, अर्धी का होईना, हसली. म्हातारीने मात्र खोकं जवळ ओढायला सांगितलं. चष्मा काढून ठेवला. तिला बारीक गोष्टी बोटांनीच नीट कळायच्या. तपकिरी स्टिकरच्या कडेवरून तिने अंगठा फिरवला. सावकाश. दोन लांब टाके, एक आखूड. मग थोरलीनेच शिवलेल्या आपल्या पोलक्याची कॉलर उलटून तिची आतली शिवण चाचपली. दोन लांब, एक आखूड. पुन्हा खोकं.

"वारा आला, टोपी उडाली, मांजराने झेललं," ती म्हणाली. "सगळं ऐकलं मी. आज लाइन अगदी स्वच्छ आहे. पलंग निळ्या बाजूलाच लावा रे, हिच्यावर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. आणि तू गं, तिकडे काय बघतेस? इकडे बघ आणि मला एवढंच सांग, त्या मांजराला सुईत दोरा ओवून दिला कोणी?"